झाकलेला कॉम्प्युटर

बागवान मॅडमना झाकणांचा फार राग होता. डब्यांच्या, बरण्यांच्या झाकणांशी त्यांचं भांडण नव्हतं, पण कॉम्प्युटरवर घातलेलं कव्हर दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. बँकेत, दवाखान्यात, कुठेही कीबोर्डवर प्लॅस्टिक ताणून बसवलेलं दिसलं की त्या काउंटरपलीकडच्या माणसाला विचारायच्या, "हे काढलं तर चालत नाही का हो?" तो गोंधळून म्हणायचा, "धूळ बसते मॅडम." मग मॅडम म्हणायच्या, "बसू द्या ना. धूळ पुसता येते." एवढं झाल्यावर त्यांचं काम हमखास लांबायचं, कारण तो माणूस जेवायला निघून जायचा.

आमची शाळा धायरीत, मुख्य रस्ता सोडून आत. मी तिथे मराठी शिकवते. कोथरूडहून स्कूटरवर येते आणि पहिला तास होईपर्यंत कुणाशी धड बोलत नाही. बागवान मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या. मानधनावर होत्या, दर जूनला नेमणूक नव्यानं. नाव नसीम, पण शाळेत त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. राहायच्या गंज पेठेत. वडलांचा फळांचा गाळा होता, तो आता भाऊ बघायचा. स्वारगेटहून बस धरून त्या धायरीला यायच्या, बेताची उंची, जाड चष्मा, खांद्याला पिनेनं पक्की केलेली ओढणी आणि पर्समध्ये कीबोर्डच्या फटी साफ करायला एक रंगाचा ब्रश. आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यांत नीट मराठी त्याच बोलायच्या. हे मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगते आहे, आणि आनंदानं सांगत नाही.

शिकवताना त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. पोर अडलं, चुकलं, रडकुंडीला आलं, तरी हात पुढे यायचा नाही. "वर बघ. डावीकडे. नाही, तुझं डावं." एकदा मी न राहवून एका मुलाचा माऊस धरला आणि त्याचं काम करून टाकलं, तर मला वर्गाबाहेर बोलावून म्हणाल्या, "आपटेबाई, तुम्ही निबंध मुलांना लिहून देता का?" मी म्हटलं, "नाही." "मग माझ्या तासाला का देता?" पुन्हा मी त्या खोलीत माऊसला हात लावला नाही.

कोरोनानंतर शाळा भरल्या, तेव्हाची गोष्ट. पाचवीतली मुलं पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या खोलीत आली. एका मुलानं पडद्यावर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवलं. काही झालं नाही. मग शेजारच्यानं सरकवलं. बघता बघता अख्खा वर्ग काचेवर बोटं घासत होता, आणि शेवटी एकानं निकाल दिला, "मॅडम, तुमचे सगळे स्क्रीन खराब आहेत." मला हसू आवरेना. मॅडमही हसल्या. पण मधल्या सुट्टीत चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "आपटेबाई, ह्यांच्या हातात दोन वर्षं फोन होता. ह्यांना बघता येतं. करता काहीच येत नाही. एक ओळ लिहून ती ठेवायची कुठे, उद्या सापडायची कशी, हे एकालाही माहीत नाही. आणि घरी सगळे खूश, पोरगं कॉम्प्युटरमध्ये हुशार आहे म्हणून!"

त्या दिवसापासून त्यांनी पालकांचा पिच्छा पुरवला. आठवड्यातला एक तास, एका यंत्रावर तीन मुलं, ह्यातून कुणाचा हात बसणार नाही हे त्यांना कळत होतं. हात बसायचा तर तो घरी. त्यांनी पालकसभा घेतली. आम्ही सतरंज्या घातल्या, फळ्यावर सुवाच्य अक्षरात स्वागत लिहिलं, आणि जे आले ते बहुतेक मुलाच्या मार्कांबद्दल भांडायला आले. एक गृहस्थ मात्र अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडं हाय ना कॉम्प्युटर. पर धावी झाल्याबिगर हात लावू द्यायचा न्हाय, असं ठरलंय आपलं. कपाटात ठेवलाय."

"सायकलही दहावीनंतरच देणार का?" मॅडमनी विचारलं.

"सायकल तर तिसरीपास्नं चालवतंय की."

"पडला असेल."

"पडला ना. गुडघं फोडून घेतलं."

"मग सायकल कपाटात नाही ठेवलीत?"

गृहस्थ हसले आणि पटलं पटलं म्हणत निघून गेले. कॉम्प्युटर कपाटातच राहिला.

दुसरे एक जण नव्या सोसायटीतले, स्वतः आयटीत. त्यांचं म्हणणं वेगळं. "तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे मॅडम, सेपरेट रूम आहे. वी डोंट डिस्टर्ब हर. शी इज व्हेरी इंडिपेंडंट."

"काय करते त्यावर?"

"स्टडीज, आय गेस."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "आपण तिला जेवायलाही वेगळं वाढता का?" हे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली.

मॅडम सगळ्यांना एकच गोष्ट सांगायच्या. "शिकवू नका. तुम्हाला येत नसेल तर फारच चांगलं. फक्त शेजारी बसा. काय करतोस विचारा, आणि तो सांगेल ते ऐका." हे इतकं साधं होतं की कुणाला ते खरं वाटायचं नाही. लोकांना क्लासची फी भरायची तयारी होती, पण शेजारी बसायला वेळ नव्हता. तेवढ्यात संस्थेनं ठरवलं की कॉम्प्युटरची खोली पुढच्या वर्षापासून एका खाजगी शिकवणीवर्गाला द्यायची. मुलांकडे मोबाईल आहेतच, असं सचिव म्हणाले. खोली गेली की मॅडमची नेमणूकही आपोआप गेली. सचिवांसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "माझं जाऊ द्या हो, मला कुठेही डेटा भरायचं काम मिळेल. प्रणालीचं काय करू?"

प्रणाली म्हणजे नववीतली एक किडकिडीत, कमी बोलणारी मुलगी. वडील टेम्पो चालवायचे, ते कोरोनात गेले. आई, रेखाताई, सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जायची. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली वडापावच्या गाडीकडे धावायच्या तेव्हा ही कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून उभी असायची. मॅडमनी एक दिवस मला जबरदस्तीनं तिनं तयार केलेला खेळ दाखवायला नेलं. पडद्यावर एक नऊवारीतली म्हातारी सिंहगड रस्ता ओलांडत होती. बाण दाबून तिला पुढे न्यायचं, टेम्पो, बस, दुचाक्या चुकवायच्या. मी सारखी हरत होते.

"पलीकडे जाते का कधी ही?" मी वैतागून विचारलं.

"नाही," प्रणाली म्हणाली.

"मग जिंकायचं कसं?"

"सिंहगड रोड आहे ना बाई."

मी मोठ्यानं हसले, आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून एकदम गप्प झाले. हे सगळं त्या मुलीनं स्वतः बसून केलं होतं, मधल्या सुट्ट्यांमध्ये, डबा न खाता. एप्रिलनंतर ती खोली नसणार होती. तिच्या घरी कॉम्प्युटर आहे असं शाळेच्या माहितीत लिहिलेलं होतं, पण ती म्हणायची, "आहे, पण लावत नाही." का, ते सांगायची नाही. आईला शाळेत बोलावलं तर आईला कामावरून सुट्टी मिळायची नाही. किंवा आई येत नव्हती.

जानेवारीत मॅडम माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पालकसभेला बायका येत नाहीत. हळदीकुंकवाला येतात ना?"

"त्याला न बोलावता येतात."

"मग कॉम्प्युटरच्या खोलीत हळदीकुंकू करू या."

मी आधी चेष्टा समजले. पण त्यांनी सगळं मनात मांडून ठेवलं होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका असतातच ह्या दारातून त्या दारात. तिळगूळ द्यायचा, वाण द्यायचं, आणि एकदा आत आल्या की मुलांच्या शेजारी बसवायचं. वाण म्हणून माऊसखाली घालायच्या रबरी चकत्या त्यांनी बुधवार पेठेतून आणल्या. सचिवांच्या कानावर गेलं तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपटेबाई, बागवान मॅडम हळदीकुंकू करणार? बरं दिसतं का?" मी म्हटलं, "कुंकू मी लावणार आहे सर. त्या कॉम्प्युटर लावणार आहेत." ते तिथून निघून गेले, आणि त्या दिवशी आलेही नाहीत.

बायका मात्र आल्या. काठापदराच्या साड्या, केसांत गजरे, अगदी घरच्या कार्याला यावं तशा. खोलीच्या दाराशीच घुटमळल्या. आत काचा, वायरी, लाल दिवे. एक जण म्हणाली, "हात लावला आणि काही झालं तर?" मॅडम हात पाठीमागे बांधून म्हणाल्या, "काही होत नाही. होऊ द्या झालं तर. बसा." मग त्यांनी जाहीर केलं की उखाणा तोंडानं घ्यायचा नाही, बोटांनी घ्यायचा. नवऱ्याचं नाव पडद्यावर उमटलं पाहिजे, आणि अक्षर कुठे आहे ते फक्त मुलांनी सांगायचं.

तासभर त्या खोलीत जो गोंधळ झाला तसा आमच्या शाळेत स्नेहसंमेलनालाही होत नाही. पोरं आयांवर खेकसत होती, "अगं आई, ते नाही, त्याच्या शेजारचं!" आया पोरांवर चिडत होत्या, "एवढ्या मोठ्यानं काय ओरडतोस? हळू सांग की!" एकीच्या नवऱ्याचं नाव ज्ञानेश्वर. ती कीबोर्डवर डोकं धरून बसली आणि म्हणाली, "एवढं अवघड नाव आहे हे लग्नाच्या आधी सांगायला पायजे होतं." दुसरीनं मात्र जिद्दीनं अख्खा उखाणा काढला, तिळगुळाचा लाडू आणि बोटांनी नाव काढू असा काहीसा, आणि तिचा मुलगा टाळ्या वाजवत सुटला. हळदीची बोटं लागून कीबोर्डचा रंग बदलला. मॅडम प्रत्येकीला दारात गाठून विचारत होत्या, "घरी आहे ना? कव्हर काढाल ना आज?" बायका हो म्हणत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी खरंच काढलं, हे मला पुढे मुलांच्या वह्यांतल्या निबंधांवरून कळलं.

प्रणाली चकत्यांचा गठ्ठा घेऊन वाण वाटायला उभी होती. गर्दी ओसरल्यावर मॅडमनी विचारलं, "तुझी आई नाही आली?"

"आई नाही येत असल्याला."

"का? आज तर रविवार आहे."

प्रणाली माझ्याकडे बघायला लागली. मला कळलं. मॅडमना कळायला क्षणभर लागला, आणि मग त्या तिथेच एका खुर्चीवर बसल्या. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं. कुणी मुद्दाम टाळत नाही आणि कुणी मुद्दाम बोलावतही नाही. आम्ही बोलावण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा दोघींच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. "जिच्यासाठी हा सगळा घाट घातला," मॅडम म्हणाल्या, "तिलाच मी दार लावून घेतलं, आपटेबाई. आमच्यातही असंच असतं. अब्बा गेल्यावर माझी अम्मी कुणाच्या मेंदीला गेली नाही. मला हे कळू नये?" मला त्यांची भयंकर दया आली, आणि दया आलेली त्यांना चालत नाही म्हणून मी रांगोळी पुसायला घेतली.

पुढच्याच रविवारी त्या मला घेऊन प्रणालीच्या घरी गेल्या. जुन्या गावठाणाच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. रेखाताईंनी पाणी दिलं, चहा टाकला. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर प्रणालीच्या वडलांचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, समोर निरंजन आणि उदबत्तीचं घर. कीबोर्डवर पिवळं कापड घडी घालून ठेवलेलं. मी आजवर घरोघरी झाकलेले कॉम्प्युटर पाहिले होते, पण देव्हारा झालेला कॉम्प्युटर पाहिला नव्हता.

"त्यांनी हिच्यासाठी आणला होता," रेखाताई म्हणाल्या. "नारळ फोडला, एक डाव लावला, आन् त्याच महिन्यात त्यास्नी धाप लागली. त्यांच्या हातची एवढीच वस्तू राह्यली हाय मॅडम. पोरीला सांगितलंय, हात लावायचा न्हाय. बिघडला तर मी कुणाकडं बघू?"

मॅडमनी आधी हळदीकुंकवाची माफी मागितली. रेखाताई कानकोंड्या झाल्या, असू द्या असू द्या म्हणाल्या. मग मॅडमनी म्हातारीच्या खेळाचं सांगितलं. रेखाताईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या लेकीकडे बघत राहिल्या, आणि मग पदरानं फोटोची काच पुसून म्हणाल्या, "दहावी होऊ द्या. मग बघू."

मॅडम जातच राहिल्या. कधी मी बरोबर, कधी एकट्या. एरवी कुणालाही दोन वाक्यांत गप्प करणारी ही बाई तिथे जाऊन नुसती पोळ्यांच्या गप्पा मारायची, भाकरीचं पीठ मळायची, आणि निघताना एकदाच विचारायची, "ताई, आज?" रेखाताई मान हलवायच्या. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी शेवटी चिडले. म्हटलं, "पुरे करा आता. एका मुलीसाठी किती जीव टाकाल?"

"एकच आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "पुष्कळ असत्या तर मी म्हटलं असतं, निम्म्या तरी होतील. हिच्यात निम्मं कुठून काढू?"

एप्रिलच्या सुरुवातीला खोलीतली यंत्रं खोक्यांत भरली गेली. मॅडमनी प्रत्येक कीबोर्ड ब्रशनं साफ करून ठेवला. त्या दिवशी प्रणाली शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी रेखाताईंचाच फोन आला. पोरीनं मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेननं कीबोर्ड काढला होता. सगळी अक्षरं जागच्या जागी. तो मांडीवर घेऊन ती त्या झाकलेल्या कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि पुठ्ठ्यावर बोटं चालवत होती. रेखाताई कामावरून आल्या तेव्हा दारातच थबकल्या. "किती वेळ चाललं होतं देव जाणे," त्या फोनवर म्हणाल्या. "मला बघवंना मॅडम. या तुम्ही. लावून बघू."

आम्ही धावत गेलो. रेखाताईंनी निरंजन लावलं, फोटोला नमस्कार केला आणि फोटो स्वतःच्या हातात घेतला. रुमाल निघाला. प्रणालीनं बटण दाबलं.

काही झालं नाही.

मॅडमनी वायरी तपासल्या, दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहिलं, मागचं झाकण उघडलं. आत ओल धरली होती, मुंग्यांनी माती भरली होती. उदबत्त्यांचा धूर आणि बंद कोपरा, वर्षानुवर्षं. पुन्हा बटण दाबलं. पंखासुद्धा हलला नाही.

"मी एवढं जपलं," रेखाताई म्हणाल्या.

"जपलं म्हणूनच, ताई," मॅडमच्या तोंडून गेलं.

ते खरं होतं, पण त्या क्षणी बोलायला नको होतं. रेखाताई फोटो छातीशी धरून भिंतीला टेकल्या आणि त्यांना हुंदका फुटला. प्रणाली आईकडे गेली नाही, मॅडमकडेही आली नाही. ती पुठ्ठा उचलून आतल्या खोलीत निघून गेली. मला वाटलं, संपलं आता सगळं.

दुरुस्त होतो का बघतो असं रेखाताईंना सांगून त्या यंत्राचा डबा आणि पडदा आम्ही रिक्षातून बुधवार पेठेत नेले. दुकानदार मॅडमचा जुना ओळखीचा. तो आत बघून चुकचुकला. आतलं सगळंच गेलं होतं. तो म्हणाला, "वापरातला असता तर चालला असता. पडून राहिला की हे असं होतं. डबा तोच ठेवतो, आत दुसरा माल भरतो. पडदा चालतोय. त्या बाईंना कळणार पण नाही."

"त्यांना सांगणार आहे मी," मॅडम म्हणाल्या.

"कशाला मॅडम? उगाच त्यांचं मन दुखवायचं."

मलाही तेच वाटत होतं, आणि मी तसं म्हटलं. मॅडम माझ्यावरच उसळल्या. "आणि त्या मुलीला पुढे काय शिकवायचं? पडद्यावर दिसतं ते खरं मानायचं, आत काय आहे ते विचारायचं नाही? मग फोन काय वाईट होता?" दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली.

तो डबा परत घेऊन आम्ही गेलो तो त्यांचा शाळेतला शेवटचा आठवडा होता. मॅडमनी टेबलावर सगळं मांडलं, वायरी जोडल्या, आणि चालू करायच्या आधी रेखाताईंसमोर बसून सरळ सांगितलं. "ताई, डबा तोच आहे. आतलं सगळं दुसरं आहे. त्यांनी आणलेलं होतं ते गेलं."

रेखाताईंनी डब्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मंग ह्यात त्यांचं काय राह्यलं?"

मॅडम डब्यामागची वायर उगाच सरळ करू लागल्या.

"घिऊन जा," रेखाताई म्हणाल्या. "न्हाय पायजे."

"ताई, मी पुढच्या महिन्यापासून शाळेत नाही. हिला यंत्र दाखवायला कुणी नाही. मी हात जोडते." आणि त्यांनी खरंच हात जोडले. सचिवांपुढे स्वतःच्या नोकरीसाठी ज्यांनी मान वाकवली नव्हती त्या बाई हात जोडून बसलेल्या बघून मला कसंसंच झालं.

आतल्या दारातून प्रणाली म्हणाली, "मॅडम, राहू द्या. आईला नकोय ना. मला पण नको."

मॅडम उठल्या. यंत्र तिथेच ठेवून चपला घातल्या आणि जिन्यात आल्या. चार पायऱ्या उतरून त्या बसल्याच. चष्मा काढला आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागल्या, लहान मुलासारख्या, आवाज करून. "हरले मी आपटेबाई. आईची जपलेली आठवणही ठेवली नाही आणि पोरीचं शिकणंही घालवलं. ह्यापेक्षा मी तो झाकलेला राहू दिला असता तर?" मी शेजारच्या पायरीवर बसले. खालच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, जिन्यात कुणीतरी सायकल लावलेली होती, आणि ह्या बाईला माझा एकही तिरकस पुणेरी टोमणा ह्या वेळी उपयोगाचा नव्हता. मी फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

वर दार वाजलं. रेखाताई कठड्याशी उभ्या होत्या. हातात फोटो.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ते लावल्यावर वरनं गरम होतं ना? मंग ह्यांना ठेवायचं कुठं?"

मॅडमनी ओढणीनं तोंड पुसलं, चष्मा चढवला आणि एका दमात वर गेल्या. "भिंतीवर लावू," त्या म्हणाल्या, आवाज अजून ओला होता. "खिळा आहे का घरात?" खिळा निघाला. हातोडी नव्हती, तर खलबत्त्यातला बत्ता घेतला. प्रणालीनं स्टूल आणून दिलं. टेबलाच्या मागच्या भिंतीवर, कॉम्प्युटरच्या बरोबर वर, मॅडम स्टुलावर चढून खिळा ठोकायला लागल्या. पोपडे उडून त्यांच्या केसांत पडत होते.

मी उंबऱ्यातच उभी होते. दुसऱ्या दिवसापासून मला शाळेच्या कामानं बाहेरगावी जायचं होतं, आणि परत आले तेव्हा मॅडम शाळा सोडून गेलेल्या होत्या. फोनवर बोलतो आम्ही, पण समोरासमोर त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

खिळा अर्धा आत गेला होता. रेखाताई फोटो घेऊन मागे उभ्या होत्या, एकदा भिंतीकडे आणि एकदा टेबलाकडे बघत.

"तिथं नको मॅडम," त्या म्हणाल्या.

"का हो? उजेड नीट पडतो इथे."

"तिथनं त्यांना हिचं तोंडच दिसंल नुसतं. काय करती ती, ते कसं दिसणार?"

मॅडम हातातला बत्ता तसाच धरून थांबल्या. त्यांनी खाली पडद्याकडे पाहिलं, मग वळून पलीकडच्या भिंतीकडे. मग ठोकलेला खिळा हलवून हलवून उपटला, स्टुलावरून उतरल्या, आणि स्टूल उचलून समोरच्या भिंतीशी नेलं.